समुद्राच्या उंबरठ्यावरील लोहमार्ग

बांधणाराचें नांव कोनशिलेवर कोरलें जातें. बांधलेलें टिकवून धरणारांचीं नांवें बहुधा कोणीच लिहून ठेवीत नाहीं. इतिहासग्रंथांतहि हाच पक्षपात दिसतो. पूल केव्हां झाला, धरण कोणी घातलें, लोहमार्ग कोणत्या सालीं खुला झाला, हें आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतों. त्याची पुढें पिढ्यान् पिढ्या राखण कशी झाली, तिचा खर्च कोणी सोसला आणि ती करतांना कोणाचें काय गेलें, हें मात्र विचारीत नाहीं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डॉलिश नांवाचें एक लहान गांव समुद्रकांठीं आहे. तेथून जाणाऱ्या लोहमार्गाचा पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा बव्हंशीं राखणीचाच इतिहास आहे, आणि म्हणूनच तो वाचकांपुढें मांडावासा आम्हांस वाटला.

प्रथम जागेची कल्पना येणें अवश्य आहे. एक्झिटर शहराहून निघालेला हा मार्ग एक्स नदीच्या रुंद मुखाच्या कांठानें दक्षिणेस येतो. डॉलिश वॉरेन नांवाचा वाळूचा दांडा संपला कीं तो उघड्या समुद्रावर येतो, आणि तेथून टिनमथपर्यंत सुमारे 4 मैल त्याच्या एका हाताला तांबड्या दगडाचे उभे कडे व दुसऱ्या हाताला इंग्लिश खाडीच्या लाटा असतात. डॉलिश व टिनमथ यांच्या दरम्यान ह्या कड्यांतून पांच बोगदे खोदलेले आहेत. टिनमथहून तो टीन नदीच्या कांठानें न्यूटन अॅबटला, तेथून प्लिमथला आणि पुढें कॉर्नवॉलच्या टोकापर्यंत जातो. मुंबईकर वाचकांस हें चित्र अगदींच परकें वाटूं नये. चर्चगेटकडून ग्रँट रोडकडे जाणारा मार्गहि एके काळीं असाच बॅकबेच्या पाण्यालगत होता. पुढें भर घालून जमीन काढली, मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला, आणि समुद्र गाडीपासून दूर गेला. डॉलिशला समुद्र असा दूर गेला नाहीं. तेथें गाडी आजहि त्याच्या उंबरठ्यावरूनच जाते.

असा मार्ग घातला कोणी व कां? साउथ डेव्हन रेल्वे कंपनीस संसदेची परवानगी 1844 सालीं मिळाली, आणि तिचा मुख्य स्थापत्यकार इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल हा होता. एक्झिटरच्या दक्षिणेस हाल्डनच्या टेकड्या आडव्या पडतात. त्यांतून मार्ग काढावयाचा म्हणजे चढ, खोदकाम आणि खर्च. उलट समुद्रकांठीं सपाट पट्टी तयार होती, फक्त तिला भिंत बांधून घ्यावयाची. नव्या कंपनीच्या मर्यादित भांडवलास हा मोह आवरणें कठीण होतें. 30 मे 1846 रोजीं टिनमथपर्यंत गाडी सुरू झाली. त्या दिवशीं जो पैसा वांचला तो वांचला नव्हता. तो पुढील पिढ्यांच्या नांवें कर्जाऊ टाकला गेला होता, एवढेंच म्हणतां येईल.

गांवाची स्थिति त्यामुळें विलक्षण झाली. डॉलिश हें लोहमार्गाच्या आधींपासून समुद्रस्नानासाठीं प्रसिद्ध होतें. कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन 1802 सालीं तेथें राहून गेली होती, आणि 1811 सालच्या तिच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ह्या कादंबरींत डॉलिशचा उल्लेख आहे. ज्या समुद्रासाठीं लोक येत, त्याच्या आणि गांवाच्या मधोमध आतां रूळ आले. गांवांतून वाहणारा ओढा जेथें समुद्रास मिळतो तेथें एक लहानसा कमानदार पूल बांधून त्याखालून पुळणीवर जाण्यास वाट ठेविली गेली. परंतु गांवाला एक गोष्ट मिळालीहि. रुळांना आधार देणारी भिंत ही गांवाचीहि तटबंदी झाली, आणि तिच्यालगतची पायवाट लोकांची फिरण्याची जागा झाली. तेव्हांपासून लोहमार्गाचें दैव व गांवाचें दैव हीं एकत्र बांधलीं गेलीं.

ब्रुनेलच्या ह्या मार्गाची प्रसिद्धि मात्र निराळ्याच कारणानें झाली. येथें त्यानें एंजिनाविना गाडी चालविण्याचा प्रयोग केला. दोन रुळांच्या मधोमध लोखंडी नळ घातला होता. वाटेवरील यंत्रघरांतील पंप त्या नळांतील हवा ओढून घेत, आणि मागील बाजूच्या हवेच्या दाबानें नळांतील दट्ट्या व त्याला जोडलेली गाडी पुढें ढकलली जाई. नळाच्या माथ्यावरील फट झांकण्यास चरबीच्या लेपाची चामड्याची पट्टी होती. ती थंडीनें ताठरे, पाण्यानें सडे, आणि तिच्यांतून हवा शिरे. सप्टेंबर 1847 मध्यें ह्या रीतीनें उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या आणि सप्टेंबर 1848 मध्यें प्रयोग बंद पडला. स्टारक्रॉस येथील यंत्रघर आजहि उभें आहे. एका वर्षांत संपलेल्या ह्या प्रयोगावर पुष्कळ लिहिलें गेलें. त्याच वेळीं बांधलेल्या आणि आजतागायत झुंजत असलेल्या भिंतीकडे त्या मानानें कमी लोकांचें लक्ष गेलें.

भिंत कशी हरते हें समजून घेण्याजोगें आहे. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागें फिरतांना पायाजवळची वाळू ओढून नेते. वाळू खचली म्हणजे पुळणीची पातळी उतरते. पुळण उतरली म्हणजे पुढची लाट अधिक खोल पाण्यांतून, अधिक जोरानें येते. अखेर पायाचा दगड उघडा पडतो, एखादा सांधा सुटतो, आणि एकदां भगदाड पडलें कीं भिंतीमागचा भराव लाटा घटकाभरांत धुवून नेतात. म्हणजे वाळू ही भिंतीची पहिली ढाल आहे, आणि भिंतच ती हळूहळू झिजविते. मागच्या बाजूस दुसरा शत्रु आहे. पावसाचें पाणी तांबड्या कड्यांत मुरतें आणि त्यांचे लोट रुळांवर येतात. पुढून समुद्र आणि मागून डोंगर, अशा कात्रींत हा मार्ग उभा आहे.

त्याची प्रचीति लवकरच आली. फेब्रुवारी 1855 मध्यें टिनमथच्या बाजूस भिंत फुटली, आणि भगदाडावर तात्पुरता लांकडी पूल घालून मार्ग पुन्हां चालू करावा लागला. 1872–73 च्या हिंवाळ्यांत डॉलिशजवळ ती पुन्हां फुटली. पुढें हा मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला, आणि प्रत्येक पिढीनें भिंत डागडुजून पुढील पिढीच्या स्वाधीन केली.

पण ह्या काळांत दुसरा मार्गच नव्हता असें नाहीं. आमच्या मतें ह्या इतिहासांतील खरी शिकवण येथें आहे. ब्रुनेलनें जोखमीची जागा निवडली, हें खरें. परंतु मागून आलेल्यांनीं त्या जोखमीवरचे उतारे एकामागून एक हातचे घालविले. 1930 नंतरच्या दशकांत ग्रेट वेस्टर्न कंपनीनें समुद्र टाळून आंतून जाणाऱ्या मार्गाची योजना केली. संसदेनें 1936 व 1937 सालीं तिला मंजुरीहि दिली. 1939 सालीं महायुद्ध सुरू झालें आणि योजना कायमची मागें पडली. टीन नदीच्या खोऱ्यांतून एक लहानसा एकेरी फांटा होता. समुद्राकडचा मार्ग अडला म्हणजे तो कामीं येई. त्यावरील उतारूंची वाहतूक 1958 सालीं बंद झाली. उत्तरेकडून डार्टमूरच्या पठाराला वळसा घालून ओकहॅम्टन व टॅव्हिस्टॉकवरून प्लिमथला जाणारा, प्रतिस्पर्धी कंपनीचा चांगला मार्ग होता. ओकहॅम्टनच्या पुढील त्याचा तुकडा 1968 सालीं बंद करून रूळ उखडले गेले. प्रत्येक निर्णयाचा त्या त्या वेळचा हिशेब कदाचित् बरोबर असेल. पण तिन्ही निर्णयांचा मिळून परिणाम असा झाला कीं, प्लिमथ, अर्धा डेव्हन आणि सगळा कॉर्नवॉल हे समुद्रकांठच्या चार मैलांवर टांगले गेले.

4 फेब्रुवारी 2014 ची रात्र आली. मोठें वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली, आणि 5 तारखेच्या पहांटेपर्यंत रिव्हिएरा टेरेस ह्या घरांच्या ओळीसमोरची सुमारे 80 मीटर भिंत कोसळून खालचा भराव समुद्रांत गेला. रूळ मात्र तुटले नाहींत. ते आडव्या तुळयांसह हवेंत झोपाळ्यासारखे लोंबत राहिले. घरांच्या दारापर्यंत जमीन खचली आणि तेथील कुटुंबांना रात्रींच बाहेर पडावें लागलें. आगगाडीच्या दृष्टीनें प्लिमथ व कॉर्नवॉल उरलेल्या देशापासून तुटले.

त्यानंतरचे दोन महिने हे राखणीच्या इतिहासांतील उत्तम प्रकरण होय. कामगारांनीं जहाजांवरील मालाचे मोठे लोखंडी पेटारे डबरानें भरून भगदाडापुढें रचले, आणि त्या आडोशामागें काम चालविलें. 14 फेब्रुवारीस दुसरें वादळ आलें आणि पुन्हां नुकसान झालें. तितक्यांत टिनमथजवळ सुमारे 20,000 टनांचा कडा सुटूं लागल्याचें आढळलें, तेव्हां पाण्याच्या फवाऱ्यांनीं तो सावकाश खालीं उतरविण्यांत आला. सुमारे 300 माणसें ह्या कामावर राबत होतीं. 4 एप्रिल 2014 रोजीं गाड्या पुन्हां धांवूं लागल्या. सुमारे 3 कोटी 50 लाख पौंड खर्च झाला.

मग साहजिकच जुना प्रश्न उठला: हा मार्ग येथें ठेवावाच कां? त्याच वर्षीं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं सर्व पर्यायांचा अभ्यास केला. ओकहॅम्टनवरील मार्ग पुन्हां बांधण्याचा अंदाज 87 कोटी 50 लाख पौंड निघाला, आणि आंतून नवा मार्ग काढण्याचा त्याहूनहि कितीतरी अधिक. जें 1968 सालीं नुसतें राखावयाचें होतें, तें आतां विकत घ्यावयाचें होतें. शेवटीं समुद्रकांठचा मार्गच बळकट करावा असें ठरलें. डॉलिशला नवी भिंत दोन टप्प्यांत झाली. पहिला 360 मीटरांचा टप्पा 2020 सालीं व दुसरा 415 मीटरांचा टप्पा 2023 सालीं पुरा झाला. तिची उंची सुमारे 8 मीटर आहे, माथा समुद्राकडे वळविलेला आहे म्हणजे लाट उलटून पाण्यांतच पडते, आणि वर लोकांना फिरण्यास रुंद वाट आहे. खर्च 8 कोटी पौंड.

ह्या निर्णयास आम्ही नुसता नाइलाज म्हणणार नाहीं. समजा, 1939 सालचें युद्ध झालें नसतें आणि मार्ग आंत गेला असता. रेल्वे गेल्यावर डॉलिशची भिंत कोणी राखली असती? कांहीं हजार वस्तीच्या गांवाला हा खर्च झेपला असता काय? ज्या रुळांनीं गांवाचा समुद्र अडविला, त्याच रुळांच्या आश्रयानें गांव उभें राहिलें. राखण फक्त गाडीची नाहीं, गाडीमागच्या वस्तीचीहि आहे.

परंतु राखणाराचें हित आणि राखल्या जाणाराचें हित नेहमींच एक असतें असें मात्र नाहीं. होलकम व टिनमथ यांच्या दरम्यान कडे ढासळतात, म्हणून रूळ कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूस सरकवावे आणि त्यासाठीं पुळणीवर भर घालावी, अशी योजना पुढें आली. 2019 व 2020 सालीं ती लोकांपुढें मांडली गेली. तेथील रहिवाशांनीं हरकत घेतली. त्यांचें म्हणणें साधें होतें: आमची पुळण घालवून आमचें रक्षण करतां, तर मग रक्षिलें काय? पुळण ही त्यांच्या मुलांची खेळण्याची जागा, आणि उन्हाळ्यांत येणाऱ्या पाहुण्यांवर चालणाऱ्या त्यांच्या धंद्यांचा आधार होती. 2021 सालीं ती योजना मागें घेण्यांत येऊन कड्यांनाच आवर घालण्याचा विचार पुढें आला. 1844 सालीं हा प्रश्न इतक्या नेटानें विचारला गेला असता, तर कदाचित् सारा इतिहास निराळा झाला असता.

ह्यापुढची लढाई सोपी नाहीं. कॉर्नवॉलमधील न्यूलिन बंदरांत 1915 सालापासून समुद्राची पातळी मोजली जाते, आणि शतकभरांत ती सुमारे वीतभर चढली आहे. वीतभर म्हणजे फार नव्हे असें कोणास वाटेल. पण प्रत्येक लाट त्या वीतभर उंच पायरीवरून चढाई करते हें विसरतां कामा नये. नवी भिंत कितीहि मजबूत असली तरी ती अखेरची नव्हे. एक चांगली गोष्ट अशी कीं, नोव्हेंबर 2021 मध्यें एक्झिटर ते ओकहॅम्टन नियमित गाड्या पुन्हां सुरू झाल्या. तेथून पुढें टॅव्हिस्टॉककडचा तुकडा अद्याप तुटलेलाच आहे. तो जोडला गेला तर प्लिमथला दुसरी वाट मिळेल, आणि डॉलिशच्या भिंतीवरचें ओझें हलकें होईल. दुसरी वाट असली म्हणून पहिली सोडावी असें नाहीं. दुसरी वाट असली म्हणजे पहिलीची राखण घाईनें, रात्रीं-अपरात्रीं, वादळाच्या तोंडांत करावी लागत नाहीं.

पूर्वजांनीं चूक केली म्हणून त्यांच्या नांवानें बोटें मोडणें सोपें आहे. पण त्या चुकीच्या आधारानें गांवें वसलीं, माणसें जगलीं, धंदे वाढले, म्हणजे ती चूक निस्तरण्याचें काम वारसांचें होतें. ब्रुनेलला आम्ही दोष देतों तो त्यानें धाडस केलें म्हणून नव्हे. स्वस्त वाटेची खरी किंमत कोण भरणार, हें त्यानें विचारलें नाहीं म्हणून. 1939 व 1968 सालच्या मंडळींना दोष देतों तो याहून मोठा, कारण तोंवर त्या किंमतीचे आंकडे त्यांच्यापुढें होते. आणि डॉलिशच्या भिंतीवर थंडीवाऱ्यांत राबलेल्या, ज्यांचीं नांवें आम्हांस माहीत नाहींत अशा माणसांचें ऋण मानतों. कारण दोन्ही दोषांची भरपाई आजवर त्यांनींच केली आहे.