एका बीजाची दोन माणसे

श्रोतेहो, समजा, वाशीम जिल्ह्यातल्या केनवड गावी दोन जुळे भाऊ आहेत. इतके सारखे, की हजेरी घेताना गुरुजी फसतात. पुढे दोघांची लग्ने झाली, निरनिराळ्या घरच्या दोन सुना आल्या, दोघांनाही मुले झाली. ही मुले एकमेकांची कोण? आपण म्हणू, चुलतभावंडे. शास्त्र म्हणते, त्याहून जवळची.

ते कसे, पाहू या. आईची दोन बीजे एकाच वेळी फळली, तर होणारी जुळी साध्या भावंडांसारखीच असतात. पण कधी फळलेले एकच बीज दुभंगते आणि त्याची दोन बाळे होतात. ही एकरूप जुळी. अगदी विरळा अपवाद सोडला, तर दोघे मुलगे किंवा दोघी मुलीच. त्यांचा वारसा एकच असल्याने, रक्ताच्या हिशेबाने काका मुलाला बापाइतकाच जवळचा. साध्या चुलतभावंडांत सरासरी आठवा हिस्सा समाईक असतो. यांच्यात चौथा, म्हणजे एका बापाच्या पण दोन आयांच्या लेकरांइतका.

जुळ्यांवरून आनुवंशिकता ताडून पाहावी, हे इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८७५ साली सुचवले. १९२४ साली जर्मनीत हेर्मान सीमेन्सने दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची तुलना करण्याची रीत मांडली. १९२७ साली बर्लिनला मानववंशशास्त्राची संस्था निघाली. तेथे जुळ्यांचा अभ्यास जोरात सुरू झाला.

त्याच संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे शिकल्या. युरोपीय माणसाची कवटी इतरांहून वेगळी, अशी गुरूंची अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसे काही दिसत नाही, असे लिहिले. गुरूला न रुचणारे लिहायला धैर्य लागते, बरे का! कारण वारशाची विद्या माणसांना वरचे-खालचे ठरवू लागली, की काय होते, ते पुढे दिसले. त्याच संस्थेतल्या फॉन फेर्शुअरचा शिष्य योसेफ मेंगेले याने आउश्वित्झच्या छळछावणीत जुळ्या लेकरांवर अमानुष प्रयोग केले.

कर्वेबाई पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. भारतातल्या नात्यागोत्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. मराठी मुलखात कित्येक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. पण बहुतेक हिंदू घरांत चुलत वा मावस भावंडांत नाही. आता गंमत पाहा. एकरूप जुळे दोघे भाऊ किंवा दोघी बहिणीच असल्याने त्यांची मुले चुलत किंवा मावसच होणार, आते-मामे कधीच नाही. म्हणजे आपल्या चालीने ज्यांना भाऊबहीण मानले, त्यांनाच इथे शास्त्रही सावत्र भावंडांइतके जवळचे ठरवते.

म्हणून दोन्ही जुळे एकच, असे मात्र नव्हे. २०२१ साली आइसलंडच्या शास्त्रज्ञांना एकरूप जुळ्यांतही जन्माआधीचे सरासरी पाचेक बारीक फरक आढळले. शिवाय संगोपन आहेच. वऱ्हाडातला शेतकरी हे जाणतो. संत्र्याच्या एकाच झाडाचे दोन डोळे जंबेरीच्या दोन खुंटांवर भरले, एक कलम काळ्या रानात लावले, दुसरे बरडात. बाग सारखी येईल का?

तेव्हा गुरुजी, जुळ्यांना वर्गात ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारा. एकाच्या गुणांवरून दुसऱ्याला बोल लावू नका. आणि काका रक्ताने बापाइतका जवळ असला, तरी तापात लेकराच्या उशाशी रात्र काढतो, तोच त्याचा बाप.