अंतर्गत सजावट : महाविद्यालयीन शिक्षण

इमारतीच्या भिंती उभ्या राहून वर छप्पर चढल्यानंतर आत जी रिकामी जागा उरते, ती माणसाच्या राहण्यास, काम करण्यास, शिकण्यास किंवा दुखण्यातून उठण्यास योग्य कशी करावी, याचे पद्धतशीर अध्यापन करणारी विद्याशाखा. व्यवहारात हिला इंटिरियर डिझाइन असेच म्हणण्याचा प्रघात आहे. बारावीनंतर चार किंवा पाच वर्षांची पदवी हा तिचा विस्तृत मार्ग होय. तंत्रनिकेतनांतील पदविका हा त्याहून आखूड. पडदे, रंग आणि शोभेच्या वस्तू यांची निवड म्हणजेच ही विद्या, असा समज लोकांत आजही दृढ आहे. परंतु अभ्यासक्रमात या निवडीचा वाटा थोडा असून, मानवी देहाचे माप, सामग्रीचे गुणधर्म आणि कारागिराला कळेल असे रेखाटन या तीन बाबींवर तिची खरी मदार आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची मुळे कलाशिक्षणाच्या आरंभापर्यंत जातात. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा सुरू झाली, तिचा हेतू एतद्देशीय कारागिरीस शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड देण्याचा होता. आणि १८६५ मध्ये तेथे आलेल्या लॉकवुड किपलिंग यांच्या काळापासून मातकाम, लोहकाम व अलंकरण यांचे शिक्षण प्रत्यक्ष बांधकामांशी इतके निगडित झाले, की व्हिक्टोरिया टर्मिनस या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या अलंकरणात शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने तेथे कलाकार्यशाळा निघाल्या. पुढे वास्तुकलेचे वर्ग वाढत जाऊन १९५८ साली वास्तुशास्त्राचे महाविद्यालय स्वतंत्र झाले, तरी अंतर्गत सजावटीचा विभाग कलाशाळेकडेच राहिला. या वाटणीचा परिणाम दूरगामी आहे. ज्या विद्यार्थ्याने चित्रकार आणि शिल्पकार यांच्या सहवासात चार वर्षे काढली, त्याच्या ठायी रंग, पोत आणि प्रकाश यांची जाण जितकी सूक्ष्म असते, तितकी ती केवळ बांधकामशास्त्राच्या अंगाने या विषयाकडे आलेल्या विद्यार्थ्यात सहसा आढळत नाही. मात्र दुसऱ्याची जी जमेची बाजू, म्हणजे तुळई, भार आणि नळजोडणी यांचे ज्ञान, ती पहिल्याला प्रयत्नपूर्वक मिळवावी लागते.

स्वतंत्र विषय म्हणून या शिक्षणाची घडी प्रथम बसली ती न्यूयॉर्कमध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. फ्रँक अल्वा पार्सन्स यांचे वर्ग आणि १९१६ साली शेरिल व्हिटन यांनी काढलेली शाळा ही त्याची ठळक उदाहरणे. भारतात अहमदाबादच्या सेप्ट या संस्थेने १९९१ मध्ये या विषयाचे वेगळे विद्यालय उघडले. मुंबईत प्रभादेवीच्या रचना संसद या संस्थेतही हा विषय शिकवला जातो.

अभ्यासक्रमाचा गाभा पाहावयाचा तर पहिल्या वर्षाची मोजणी पाहावी. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी, मुंबईच्या चाळीत नित्य आढळणारी एखादी खोली विद्यार्थ्यांना दिली जाते. चारही भिंती टेपने मोजून झाल्या म्हणजे काम संपले असे नवख्यास वाटते. पण समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजावे लागतात. खोली गुण्यात असेल तर प्रत्येक कर्ण सुमारे १५ फूट साडेसात इंच भरला पाहिजे. जुन्या बांधकामात तो क्वचितच भरतो: एक कर्ण दोन इंच जास्त, दुसरा तितकाच कमी. भिंतीलगत बसणारे कपाट एका टोकास चिकटते आणि दुसऱ्या टोकास बोट जाईल एवढी फट सोडते, ती या फरकामुळेच. त्यानंतर ओळंब्याने भिंतीचा कल आणि पाण्याच्या नळीने फरशीची पातळी तपासतात. हे वर्ग रटाळ वाटून विद्यार्थी संगणकावरील चित्रांकडे लवकर वळू पाहतात, आणि काही संस्था त्यांना वळू देतात, ही खेदाची बाब होय. कारण जे मापात चुकले ते पडद्यावर कितीही देखणे दिसो, जागेवर बसत नाही.

देहमापनाचेही तेच. स्वयंपाकाचा ओटा साधारणतः ३२ ते ३४ इंच उंच करतात, परंतु खरा निकष उभ्या माणसाच्या कोपराचा असून ओटा त्याच्या काही इंच खाली यावा लागतो. म्हणून ज्या घरात सासू बुटकी व सून उंच, तेथे कोणती उंची धरावी, हा प्रश्न पुस्तकातील कोष्टकाने सुटत नाही, तो त्या दोघींना विचारूनच सोडवावा लागतो.

सामग्रीच्या अभ्यासात प्लायवुडला मोठे स्थान आहे. तक्ता बहुधा आठ फूट बाय चार फुटांचा असतो. कपाटाची खोली नेमकी दोन फूट आखणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, की करवतीच्या पात्याची जाडी चिरताना वाया जाते आणि चार फुटांच्या तक्त्यातून दोन-दोन फुटांच्या पुऱ्या दोन पट्ट्या निघत नाहीत. माप किंचित कमी धरले तर तक्ता वाचतो. साध्या प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि सागरी प्रतीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके विद्यार्थ्याला तोंडपाठ असावी लागतात. असा तपशील सुताराकडून जितका नीट कळतो तितका व्याख्यानातून कळत नाही. म्हणून शेवटच्या वर्षातील साइटवरची उमेदवारी हा पदवीचा सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे. तेथे मिस्त्री नकाशा हातात घेऊन जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर नकाशातच असावयास हवे होते, हे विद्यार्थ्यास तत्काळ उमगते.

प्रवेशासाठी बारावीचे गुण आणि प्रवेशपरीक्षा पाहतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्यांचा हात आधीच वळलेला असतो.

व्यवसायाच्या कायदेशीर दर्जाची बाब मात्र विचारणीय आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये वास्तुविशारद ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही. अंतर्गत सजावटकारास अशी सनद देणारा केंद्रीय कायदा नाही. त्याच साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची ऐच्छिक संघटना आहे, नियामक मंडळ नव्हे. परिणामी पदवीधर आणि केवळ दुकान थाटलेला कंत्राटदार हे दोघे ग्राहकापुढे एकाच नावाने उभे राहतात. त्यातील धोका सर्वाधिक असतो तो भिंत पाडताना. कोणती भिंत भार वाहते आणि कोणती नुसती आडोसा आहे, हे जुन्या इमारतीत वरवर पाहून ओळखता येत नाही, आणि संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घेतल्याविना तिला हात लावू नये, हा धडा पहिल्याच वर्षी सक्तीने शिकवावयास हवा.