तिकिटात काय काय येतं? : लार्पचा इतिहास वाचायची एक पद्धत

लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग. यात प्रेक्षक नसतात, पाठ केलेले संवाद नसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि काही तास, कधी दोन-तीन दिवस, तेच होऊन वावरतो. खेळ संपला की हातात फारसं काही उरत नाही. मग याचा इतिहास लिहायचा कशावरून? मी म्हणेन, तिकिटावरून सुरुवात करा.

इंग्लंडमध्ये चेशायरच्या पेकफर्टन किल्ल्यात 1982 साली ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं. तिथल्या सुरुवातीच्या लार्पांपैकी हे एक. पुढे युरोपात लार्प पसरला तो मुख्यतः हौशी मंडळींच्या जोरावर. तंबू तुमचा, पोशाख तुम्ही शिवलेला, बऱ्याचदा जेवणही तुमचंच. पैसे कमी लागायचे, पण वेळ, शिवणकाम आणि ओळखी लागायच्या. हा खर्च तिकिटावर कुठेच दिसत नाही.

आता नोव्हेंबर 2014 मध्ये या. पोलंडच्या चोखा किल्ल्यात ‘कॉलेज ऑफ विझर्डरी’ झालं. पोलिश आणि डॅनिश आयोजक, भाषा इंग्रजी, कल्पना हॅरी पॉटरवरून घेतलेली (नंतर त्यांनी स्वतःचं वेगळं जग रचलं). तिकिटात राहणं, जेवण, लिहून दिलेलं पात्र आणि विद्यार्थ्याचा झगासुद्धा.

हे तिथेच का जमलं? हॅरी पॉटरमुळे, असं पटकन म्हणाल. पण त्यातून लोक का आले एवढंच कळतं. तिकिटात सगळं कसं बसलं ते कळत नाही. त्यासाठी इमारत बघा. चोखाचं आजचं रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुनर्बांधणीतून आलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पोलिश सैन्याचं विश्रामगृह होतं, आता हॉटेल आहे. म्हणजे खाटा आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली आधीच तयार! माझ्या मते हे कारण कथेइतकंच महत्त्वाचं आहे.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’चं मराठी आपण सहज ‘सर्वसमावेशक’ करतो. पण सगळं येणं वेगळं आणि सगळे येणं वेगळं. तयार झगा मिळाल्यावर नवख्या माणसाला शिवणकाम यायची गरज उरली नाही, त्याला दार उघडलं. त्याच वेळी तिकीट, विमानभाडं आणि इंग्रजी न परवडणाऱ्याला ते बंद झालं. अडसर गेला नाही, त्याची जागा बदलली. ‘लार्प सर्वांसाठी खुला झाला’ असं एका वाक्यात लिहून टाकलंत, तर नेमकं हेच हातातून सुटेल.

तुमचा विषय वेगळा असेल, तरी त्यातलं ‘तिकीट’ शोधा. प्रवेश अर्ज, मेसचं बिल, वर्गणीची पावती, काहीही चालेल. त्याला तीन प्रश्न विचारा: यात काय दिलंय? माणसानं काय घेऊन यावं असं गृहीत धरलंय? आणि ते नसलेला कोण बाहेर राहिला? तिसऱ्याचं उत्तर त्या कागदावर सापडणार नाही. ते शोधायला कुठे जायचं, हे प्रस्तावातच लिहा.