बर्फातील पहिले मत

२०२४ सालच्या जानेवारीत मी अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात, नॅशुआ या गावी मुलीकडे मुक्कामाला होतो. पुण्याच्या थंडीची ऐट मिरवणारा मी, तेथे दोन स्वेटर आणि एक कानटोपी यांच्या आश्रयाने खिडकीपाशी बसून असे. दिवसातून निदान एकदा तरी बर्फ तुडवीत कोणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी येई, दाराला एक पत्रक अडकवी आणि पुढच्या घराकडे वळे. टपालाच्या पेटीतही तेच. टेलिफोनवरही तेच. निवडणूक नोव्हेंबरात, आणि ही धामधूम जानेवारीत! मी मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे तर काहीच नाही. काही उमेदवार वर्षापूर्वीपासून फेऱ्या मारताहेत."

तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसाला असे उत्तर पुरत नाही. त्या हिवाळ्यात मी गावच्या वाचनालयात जाऊन जे वाचले, त्यातले थोडे येथे सांगतो.

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या पक्षाची उमेदवारी मिळवावी लागते. ती पूर्वी पक्षाचे धुरीण अधिवेशनात, बहुधा बंद दाराआड, ठरवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारकांनी टूम काढली, की हे सामान्य मतदारांनीच ठरवावे. त्यातून 'प्राथमिक निवडणुका' निघाल्या. न्यू हॅम्पशरने तसा कायदा १९१३ साली केला. पहिली निवडणूक झाली १९१६ मध्ये, आणि तिचा दिवस निवडला तो मार्चमधला दुसरा मंगळवार. कारण? त्या दिवशी गावोगाव वार्षिक सभा भरतच असे. शेतकरी गावात येणारच, सभागृहाची शेगडी पेटणारच. मग त्याच उबेत हेही मतदान उरकावे, दुसऱ्यांदा लाकडे कशाला जाळा? शिवाय थोड्याच दिवसांत बर्फ वितळून रस्त्यांचा असा राडा होई, की गाडी चाकाच्या आसापर्यंत रुते. जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा नेता निवडण्याचा पहिला मान या राज्याकडे गेला, त्याच्या मुळाशी अशी ही कोकणी काटकसर होती! १९१६ साली इंडियाना आठवडाभर पुढे होते. त्याने आपली तारीख लांबविली, आणि १९२० पासून न्यू हॅम्पशर आपसूक पहिले झाले.

तरीही तीसएक वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. मतपत्रिकेवर अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींची नावे असत; ती वाचून कोणाचे रक्त तापणार? १९४९ मध्ये तेथील विधानसभेचे सभापती रिचर्ड अप्टन यांनी कायदा बदलून घेतला आणि खुद्द अध्यक्षीय उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर आणली. त्या विधानसभेविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. राज्याची वस्ती आज सुमारे चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराइतकीच. पण सभासद चारशे! बारा कोटींच्या आसपास वस्तीच्या महाराष्ट्राला २८८ पुरतात. आणि त्या सभासदांना वर्षाला पगार शंभर डॉलर. तेथे आमदार म्हणजे बहुधा शेजारचाच कोणीतरी. अशा लोकांना वाटले, की अध्यक्ष होऊ पाहणाऱ्यानेही अंगणात येऊन दोन शब्द बोलावेत, तर त्यात नवल नाही.

अप्टनच्या कायद्याची पहिली कसोटी १९५२ साली लागली, आणि माझे मन खरे रमते ते तेथेच.

टेनेसीचे सेनेटर एस्टिस केफॉव्हर हे उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. गुन्हेगारी टोळ्यांच्या चौकशीचे काम दूरचित्रवाणीवर दिसल्यामुळे त्यांचे नाव घरोघर झाले होते. पण चौकशीत स्वपक्षाच्याच काही बड्यांची लक्तरे वेशीवर टांगली गेल्याने धुरिणांचा त्यांच्यावर रोष होता. १९४८ च्या निवडणुकीत मेंफिसच्या एका पक्षप्रमुखाने त्यांना 'रॅकून' म्हणून हिणविले होते. रॅकून म्हणजे पट्टेदार शेपटीचा एक चोरटा प्राणी. केफॉव्हरनी त्याच प्राण्याच्या कातड्याची शेपटीवाली टोपी डोक्यावर चढविली आणि निवडणूक जिंकली! त्याच गाजलेल्या टोपीची कीर्ती मागे घेऊन ते १९५२ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशरला आले आणि हस्तांदोलन करीत सुटले. दुकानात, कारखान्याच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, दिसेल त्याचा हात हाती घ्यावा, नाव सांगावे, मत मागावे, पुढे जावे. गाठ होती खुद्द अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्याशी. ट्रूमन यांनी या साऱ्या प्राथमिक निवडणुका म्हणजे निव्वळ देखावा आहे असे बोलून दाखविले होते. नंतर पक्षाच्या आग्रहावरून नाव राहू दिले खरे, पण तिकडे पाऊल टाकले नाही. ११ मार्चला मोजणी झाली. केफॉव्हर पंचावन्न टक्के, ट्रूमन चव्वेचाळीस. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ट्रूमन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. केवळ या पराभवामुळे ते हटले असे मी म्हणणार नाही. कोरियाचे युद्ध लांबले होते, लोक कंटाळले होते. पण मार्चमधल्या त्या मंगळवाराने दार दाखविले, हे खरे.

त्याच दिवशी दुसऱ्या पक्षात उलटेच घडले. सेनेटर टॅफ्ट राज्यभर हिंडले आणि हरले. जिंकले ते आयझेनहॉवर, जे पॅरिसजवळ सेनापतीच्या कचेरीत बसून होते आणि प्रचाराला फिरकलेही नव्हते! तेव्हा हस्तांदोलनाचा नियम काढू पाहणाऱ्याने जरा जपून काढावा.

आणि केफॉव्हर? त्यांनी त्या वर्षी पंधरापैकी बारा प्राथमिक निवडणुका जिंकल्या. जुलैत शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत ते सर्वांच्या पुढे होते. धुरिणांनी तिसऱ्या फेरीत उमेदवारी दिली ती ॲडले स्टीव्हन्सनना, ज्यांनी ती मागितलीही नव्हती. एवढे हात हाती घेतले, त्या हातांचे मोल अधिवेशनात शून्य ठरले. हा भाग वाचताना मला खरोखर वाईट वाटले.

येथे थोडे विषयांतर करतो. न्यू हॅम्पशर मार्चमध्ये मत देत होते, त्याच हिवाळ्यात आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली होती. बहुतेक मतदान जानेवारी-फेब्रुवारीत झाले. पण हिमाचलातील चिनी तालुक्यात, ज्याला आता कल्पा म्हणतात, ते ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकले. कारण तेच, बर्फ! खिंडी बंद होण्यापूर्वी मतपेट्या पोहोचल्या पाहिजेत. तेथे पहिले मत देणारे श्याम सरन नेगी शाळामास्तर होते. ते २०२२ मध्ये, शंभरी ओलांडून वारले. मी मास्तरच असल्याने मला या गोष्टीचा उगीचच अभिमान वाटतो.

असो. पुढची वर्षे झपाट्याने सांगतो. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात सेनेटर युजीन मॅकार्थी उभे राहिले, तेव्हा शेकडो विद्यार्थी दाढ्या काढून, केस कापून घरोघर गेले. आजीबाईंनी दार लावून घेऊ नये म्हणून! मॅकार्थींना बेचाळीस टक्के मते पडली, अध्यक्ष जॉन्सनना एकोणपन्नास. जिंकले जॉन्सन, पण महिनाअखेर माघार घेतली तीही जॉन्सननीच. १९७२ मध्ये शेजारच्या मेन राज्याचे सेनेटर मस्की बर्फ पडत असताना मँचेस्टरच्या वृत्तपत्र-कचेरीसमोर, पत्नीवरील शिंतोड्यांना उत्तर देऊ लागले आणि त्यांचा गळा दाटला. गालावर होते ते अश्रू की वितळलेला बर्फ, यावर किती शाई खर्ची पडली! मस्कींनी ती निवडणूक नऊ टक्क्यांनी जिंकली, तरी बोलबाला झाला तो ते हरल्यासारखा.

मग आयोवाने आघाडी घेतली. तेथे तेव्हा मतपेटी नसे, शेजारीपाजारी शाळेत वा देवळात जमून 'कॉकस' भरवीत. १९७५ सालभर जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर तेथे हिंडत होते, समर्थकांच्या घरी रात्री झोपत, सकाळी आपले अंथरूण आपणच आवरीत. जानेवारी १९७६ मध्ये 'अद्याप कोणीच नाही' असे म्हणणारे सर्वांत जास्त निघाले, सदतीस टक्के. त्यांच्या खालोखाल कार्टर. वर्तमानपत्रांनी मात्र कार्टरनाच विजयी मानले, आणि वर्षभराने ते अध्यक्ष झाले.

मला व्यक्तिशः हा मान एकाच राज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहावा हे पटत नाही. न्यू हॅम्पशर बहुतांशी गोऱ्यांचे. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय कामगाराने किंवा टेक्सासच्या मेक्सिकन शेतमजुराने दर वेळी मागेच का राहावे? पण या राज्याने कायदाच केला, की आमची निवडणूक अशा इतर कोणत्याही निवडणुकीच्या आधीच होईल. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. न्यू हॅम्पशरने ऐकले नाही, २३ जानेवारीला मतदान घेतलेच. अध्यक्ष बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहिले आणि त्यांना निवडून दिले! ही जिद्द पाहून माझे मत थोडे डळमळले, हे कबूल करतो.

तेथे एक जुना विनोद आहे. कोणा उमेदवाराविषयी विचारले, तेव्हा मतदार म्हणाला, "अजून ठरले नाही हो, त्यांची माझी भेट आतापर्यंत तीनदाच झाली आहे."

त्या मंगळवारी मुलीने मला मतदानकेंद्राच्या दारापर्यंत नेले. नागरिकत्व मिळाल्यावर या प्राथमिक निवडणुकीतले तिचे हे पहिले मत. कोणत्याच पक्षात नाव न नोंदविलेल्याला तेथे दोहोंपैकी कोणतीही मतपत्रिका मागता येते. ती आत गेली. मी बाहेर फलक घेऊन उभ्या असलेल्या मंडळींत, त्यांच्यासारखाच पाय आपटीत उभा राहिलो. एका आजोबांनी मला मतदार समजून हात पुढे केला. मीही तो घेतला. मुलगी बाहेर आली, तेव्हा न राहवून मी विचारले, "काय गं, खूण केलीस, की नाव लिहिलेस?"

"बाबा," ती मोटारीचे दार उघडीत म्हणाली, "मतदान गुप्त असते. तुम्हीच शिकविले होते ना?"