मधुपर्णी, ज्येष्ठमध आणि नीरा : साखरेखेरीजच्या गोडीची नावे

साखरेऐवजी वापरावयाच्या ‘स्टीव्हिया’ या वनस्पतीला अलीकडे मराठीत ‘मधुपर्णी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. नाव अर्थपूर्ण आहे. ज्या झाडाचे पानच गोड, त्याला दुसरे कोणते नाव शोभावे? परंतु हा शब्द नवा नव्हे. चरकसंहितेतील औषधिगणांत तो येतो आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, पर्याय म्हणून तो दिलेला आहे. त्यामुळे शब्द जुना म्हणून वस्तूही जुनी, आणि मधुमेहावरील हा गोड पाला प्राचीन वैद्यांना ठाऊकच होता, असा तर्क कोणी केल्यास नवल नाही. हा तर्क टिकणारा नाही.

स्टीव्हिया मूळची पॅराग्वे व ब्राझील यांच्या सीमाप्रदेशातील. तेथील ग्वारानी लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. त्यांच्या भाषेतील तिच्या नावाचा अर्थही ‘गोड पाला’ असाच आहे. मोइझेस बेर्तोनी या स्विस वंशाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि १९३१ मध्ये फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातील गोड द्रव्य वेगळे केले. सोळाव्या शतकातील संस्कृत ग्रंथकाराच्या दृष्टीसमोर ती असणे संभवत नाही. भावप्रकाशातील मधुपर्णी चवीला कडू आहे.

त्या कडू वेलीच्या मराठी नावात ‘गुळ’ कसा आला, हेही पाहण्याजोगे आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘ड’ मराठीत ‘ळ’ होतो. ‘गुड’चा ‘गूळ’ झाला, त्याच नियमाने ‘गुडूची’चा पूर्वभाग ‘गुळ’ झाला आणि पुढे ‘वेल’ जोडला गेला. कानाला गोड लागणारे हे नाव जिभेला काहीच सांगत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर तो कोशकारांवर सोपविता आला असता. परंतु मुंबईतील काही वैद्यकांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतलेल्या आक्षेपांपैकी एक असा होता की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातीही असू शकेल. वाद कोणाच्या बाजूने सुटावा हा वैद्यकाचा प्रश्न. तथापि, नावावरून वनस्पती ठरविण्यातील धोका त्यातून उघड होतो. आता त्याच वेलीचे एक जुने नाव तिसऱ्याच झाडाला मिळाले आहे.

‘ज्येष्ठमधा’ची गोष्ट याच्या उलट आहे. येथे नाव बिघडले, गोडी मात्र खरी राहिली. मूळ शब्द ‘यष्टिमधु’, म्हणजे काठीतील मध. आद्य ‘य’चा ‘ज’ झाला, ‘ष्ट’चा ‘ठ’ झाला; मग ‘जेठी’चा अर्थ लागेना म्हणून सुशिक्षितांनी तिला ‘ज्येष्ठ’ केले! काठीला असे वडीलपण लाभले. ग्रीकांनीही या वनस्पतीला ‘गोड मूळ’ म्हटले होते. तिच्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य उसाच्या साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असते. परंतु अधिक प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. गवयाने गळ्यासाठी तोंडात धरलेला तुकडा निराळा आणि रोजच्या चहातील साखरेचा पर्याय निराळा.

‘साखर’ हा शब्द तरी कोठे गोड होता? ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. सुश्रुतसंहितेत उसाच्या शर्करेबरोबर मधुशर्करा आणि यवासशर्करा यांचाही उल्लेख आहे. शब्द रूप सांगतो, मूळ सांगत नाही. म्हणूनच वनस्पतिजन्य ‘पर्याय’ तपासताना ती वस्तू नावाने वेगळी की द्रव्याने, हे प्रथम पाहिले पाहिजे.

नीरेच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. आज ज्या ठाणे जिल्ह्यात महाप्याची औद्योगिक वसाहत आहे, त्याच जिल्ह्यात ताड, माड आणि शिंदी यांना छेद देऊन रस काढण्याचा व्यवसाय जुना. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, ती नीरा. आंबली की ताडी किंवा माडी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेची स्वतंत्र व्याख्या केली आणि बोलीतील हा भेद कायद्यात आला. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात नीरेचा पुरस्कार केला होता. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणूत खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२० मध्ये दोनशे कारागिरांना नीरा व ताडगूळ यांची साधने वाटली. रोजगाराच्या दृष्टीने हे स्तुत्यच आहे. परंतु ताडगुळातील मुख्य द्रव्य सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेतीलच. काही खनिजे त्यात अधिक असतात. मधुमेह्याला मात्र तो साखरेइतकाच वर्ज्य.

स्टीव्हियाचे शुद्ध केलेले द्रव्य रक्तशर्करा वाढवीत नाही आणि भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये त्यास अनुमती दिली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा द्रव्यांचा आश्रय करू नये असे सुचविले, आणि त्यांत स्टीव्हियाचाही समावेश केला. आधीच मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही.