महाड-पोलादपूर परिसरातील तेलबिया आणि ‘ई’ जीवनसत्त्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : त्वचेचा तजेला व केसांची वाढ यांसाठी ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेण्याची प्रथा आता तालुक्याच्या गावांपर्यंत रुजली आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात तिचा ऐतिहासिक विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या उतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या फेरपालटात तीळ व कारळे ही पिके परंपरेने घेतली जात. तिळाचे तेल आहारात आणि अभ्यंगातही असे. कारळ्याची चटणी भाकरीसोबत खाल्ली जाई. कारळ्यातील टोकोफेरॉल प्रामुख्याने अल्फा प्रकारचे, म्हणजेच शरीर सर्वाधिक राखून ठेवते त्या प्रकारचे असते.

शोधाचा इतिहास : १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननाच्या अभ्यासात हा घटक आढळला. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुरतेलातून तो वेगळा करण्यात आला व त्यास अपत्यजन्मसूचक ‘टोकोफेरॉल’ हे नाव मिळाले. सौंदर्याशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.

विवेचन : प्रौढास दररोज सुमारे १५ मिलिग्रॅम मात्रा पुरेशी मानली जाते, बाजारातील प्रचलित कॅप्सूल मात्र ४०० मिलिग्रॅमची असते. निरोगी व्यक्तीची त्वचा वा केस तिने सुधारतात, यास भक्कम पुरावा नाही. उलट २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ४०० एकके घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले.

निष्कर्ष : सारांश, कॅप्सूलचा प्रसार पोषणाच्या गरजेपेक्षा बाजारपेठेशी अधिक निगडित दिसतो. वरकस शेतीतील तेलबियांचे जतन हा म्हणूनच आहाराच्याही इतिहासाचा विषय ठरतो.