उरलेली लस टाकून का देतात? – कोरड्या लशीची गोष्ट

गोवर-रुबेलाची लस द्यायला बाळाला घेऊन आलेल्या आयांना एक गोष्ट हमखास खटकते. "डॉक्टर, सिस्टरांनी अर्धी भरलेली बाटली टाकून दिली. लस चांगली होती ना?" लस चांगलीच होती. पण तिच्यात पाणी घालून चार तास झाले होते. हे नीट समजायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये देवीवर लस शोधली. लस म्हणजे गो-देवीच्या फोडातला द्रव. इंग्लंडमधून भारताकडे तो पाठवला की उष्णतेने वाटेतच निकामी व्हायचा. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी तो काचांमध्ये ठेवून, वरून मेण लावून बगदादला पाठवला. तिथून पुढे बसरा आणि मग मुंबई. बगदादनंतर लस टिकवायचा उपाय एकच होता. एकाला टोचायचं, आठवड्याभराने त्याच्या फोडातला द्रव काढून पुढच्याला टोचायचं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. तेव्हाचा फ्रिज म्हणजे माणसाचा दंड! (मुलांना कोणी विचारलं नसणारच.)

या पद्धतीत सिफिलिससारखे रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जात. पुढे वासरांपासून लस बनू लागली, तिच्यात ग्लिसरीन घालू लागले. तरी ती पातळच. बर्फ नसलेल्या गावात, आपल्याकडच्या वैशाखात, काही दिवसांतच तिचा जोर जायचा. खरा धोका इथेच होता. दंडावर टोचल्याची खूण आहे म्हणून माणूस निर्धास्त राहणार आणि देवीची साथ आली की सापडणार.

लस वाळवून ठेवावी, हा विचार सुचायला सोपा आहे. पण उन्हात किंवा आचेवर वाळवली तर ती मरते. म्हणून आधी गोठवायची आणि मग निर्वातात ठेवायची. कपाटातली डांबरगोळी जशी ओली न होता नाहीशी होते, तसा बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातो. मागे हलकी, कोरडी पावडर उरते. दुसऱ्या महायुद्धात रक्तातला प्लाझ्मा असाच वाळवून आघाडीवर पाठवला जात होता.

देवीच्या लशीतला विषाणू मात्र या प्रक्रियेत फार मरायचा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या लेस्ली कोलियर यांनी त्यात ५ टक्के पेप्टोन मिसळलं. पेप्टोन म्हणजे पचवलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजेच पेप्टाइड्स. या साध्या भरीमुळे विषाणू गोठण्यातून आणि वाळण्यातून वाचला. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अटच घातली की ३७ अंशांत चार आठवडे ठेवूनही लशीचा जोर टिकला पाहिजे. भारतात १९६२ ची मोहीम सुरू झाली ती बरीचशी पातळ लशीवर. नंतर सोव्हिएत रशियाने कोरडी लस दिली, आणि बेळगाव, हैदराबाद, गिंडी, पटवाडांगर इथेही ती बनू लागली. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. कोरड्या लशीशिवाय हे झालं असतं असं मला वाटत नाही.

आज प्रयोगशाळांमधली संशोधनाची पेप्टाइड्सही अशीच वाळवून, बहुधा उणे २० अंशांत ठेवतात. बाटली फ्रीजरमधून काढल्यावर लगेच उघडत नाहीत. गार बाटलीवर जसा दव धरतो तसा हवेतला ओलावा पावडरीवर बसतो, आणि तिथून बिघाड सुरू होतो. ओलावा आला की रेणू बदलतात, तुटतात. पाणी घातल्यावर तर जंतूही वाढू शकतात. "संशोधनासाठी" असं लिहिलेली पावडर ऑनलाइन मागवून, घरी कालवून टोचून घेणाऱ्यांना मी म्हणूनच स्पष्ट नाही म्हणतो.

गोवराच्या लशीत जंतूंना आवरणारं औषध नसतं. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवराची लस चार दिवस फ्रिजबाहेर ठेवून वापरली गेली आणि १५ मुलं दगावली. म्हणून आपल्याकडे सिस्टर पाणी घालताच बाटलीवर वेळ लिहितात. पुढच्या वेळी ती वेळ तुम्हीही वाचा. दिसली नाही तर विचारा, सिस्टर रागावणार नाहीत.